राहुटी, पाल आणि पाहण्याचा हक्क

इंग्लंडमधील शेफील्ड शहरात नोकरीनिमित्त येऊन मला आता सहा वर्षे होत आली. आल्यावर दुसऱ्याच महिन्यात प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी विचारले, ''रविवारी किंडरला चालायला येतोस का?'' चालत कुठे जायचे, असे मी विचारले. त्यांना माझा प्रश्न कळला नाही. कुठे जायचे नव्हतेच. आगगाडीने ईडेल नावाच्या खेड्यात उतरायचे, किंडर स्काउटच्या पठारावर चढायचे, वाऱ्यात भाकरतुकडा खायचा आणि संध्याकाळी पुन्हा त्याच स्टेशनवर यायचे, एवढाच बेत होता. किंडर स्काउट ६३६ मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला ही उंची काही फार नव्हे. पण वरचा काळा चिखल आणि धुके यांनी त्या दिवशी माझा जीव मेटाकुटीला आणला. तरीही परतताना मन कधी नव्हे इतके हलके झाले होते.

रात्री फोनवर आईला सगळे सांगितले. पाटण तालुक्यातील डोंगरात तिचे सारे आयुष्य गेले. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ''मंग सरपान तरी आनलंस का?'' मी हसलो. ती हसली नाही. ''काम न्हाई, धाम न्हाई, आन् डोंगूर कशापायी चढायचा रं?''

आईचा हा प्रश्न मला वाङ्मयीन प्रश्न वाटतो. निसर्गाविषयी आणि भटकंतीविषयी जे लिहिले जाते त्याचे मूल्यमापन करताना तो विचारलाच पाहिजे. डोंगर कुणी चढायचा, कशासाठी चढायचा, आणि चढून गेल्यावर तो पाहण्याचा अधिकार कुणाचा? या तीन प्रश्नांच्या आधारे मी येथील आणि आपल्याकडील काही लेखन तपासू इच्छितो. मी समीक्षक नाही. मुलखात नवा आलेला, पायात नवे बूट घातलेला एक वाचक आहे. परंतु नवख्या माणसाला एक फायदा असतो. जे इतरांना स्वाभाविक वाटते, ते त्याला स्वाभाविक वाटत नाही.

१

प्रथम शब्दांकडे पाहू. इकडे ज्याला सरसकट टेंट म्हणतात, त्याला मराठीत अनेक नावे आहेत, आणि प्रत्येक नाव कुणाचे हे ठरून गेलेले आहे. साहेबाची असते ती राहुटी. भटक्याचे असते ते पाल. सर्कशीचा असतो तो तंबू.

माझा आजा गावचा येसकर होता. सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवणे, भरण्याबरोबर तालुक्याला जाणे, रात्री-बेरात्री हाक आली की उठणे हे त्याच्या वतनाचे काम होते. प्रांतसाहेबाचा मुक्काम गावाबाहेरच्या आंब्याखाली पडला म्हणजे खुंट्या ठोकायला, पाणी भरायला आणि जळण आणायला महारवाड्यातील माणसे धरून नेत. राहुटी उभी करायची आजाने, आणि रात्रभर बाहेर दवात बसायचे तेही आजाने. मुंबई सरकारने १९५८ साली कायदा करून ही कनिष्ठ गाववतने रद्द केली. आजा त्यानंतर बरीच वर्षे जगला, पण त्याने उगाच म्हणून डोंगर चढल्याचे घरात कुणालाच आठवत नाही. त्याच्या पायांनी त्याच्या वाट्याचे चालून टाकले होते.

पाल म्हटले की लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आठवते. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती कहाणी आहे. तिथे उघड्यावर राहण्यात कसलीही मौज नाही. आज येथे पाल टाकू देतील का, उद्या कोण हाकलील, चोरीचा आळ कुणावर येईल, हेच त्या पालातील माणसाचे प्रश्न आहेत. 'उपरा' मी दोनदा वाचले, एकदा कॉलेजात आणि दुसऱ्यांदा इकडे आल्यावर, डर्बीशरमधील एका शेतकऱ्याच्या छावणीच्या रानात स्वतःच्या टेंटमध्ये. दुसऱ्या वाचनात मला शरम वाटली, हे कबूल केले पाहिजे. एका रात्रीचे भाडे मोजून मी जे विकत घेतले होते, तेच त्या पुस्तकात शिक्षा म्हणून भोगले जात होते.

मात्र शरमेपाशी थांबणे ही वाचकाची पळवाट ठरते. शरम वाटून घेतली की विचार करावा लागत नाही. प्रश्न असा आहे की तीच कापडी भिंत, तीच ओली जमीन आणि तीच रात्र एकासाठी आनंद व दुसऱ्यासाठी गुन्हा कशामुळे होते? निसर्ग तर दोघांना सारखाच भिजवतो. फरक पडतो तो परतण्यासाठी घर असण्याने, आणि कायदा कुणाच्या बाजूने उभा आहे त्याने. भटकंतीचे बहुतेक लेखन या दोन गोष्टींविषयी मौन पाळते. हे मौनच त्याच्या सौंदर्याचा पाया आहे.

२

इंग्लंडमधील डोंगर-भटकंतीच्या वाङ्मयाचा विचार वर्ड्‌स्वर्थला टाळून करता येत नाही. आपल्या विद्यापीठांत इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाने त्याच्या कविता पाठ केलेल्या असतात, बऱ्याचदा त्यातील फुले आयुष्यात एकदाही न पाहता. सरोवरांच्या प्रदेशाविषयी त्याने प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. ती १८१० साली प्रथम, त्याच्या नावाशिवाय, प्रसिद्ध झाली आणि १८३५ साली तिची पाचवी आवृत्ती निघाली. हा प्रदेश सबंध राष्ट्राचा ठेवा समजावा असा विचार तो तिथे मांडतो. पुढे येथे राष्ट्रीय उद्याने झाली, त्या कल्पनेचा उगम या विचारात आहे असे सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु या ठेव्याचा वाटेकरी होण्यास तो एक अट घालतो. पाहणाऱ्यापाशी सौंदर्य ओळखणारी दृष्टी आणि त्यात रमणारे मन हवे.

ही अट वरवर निरुपद्रवी दिसते. तिचा खरा अर्थ १८४४ साली उघड झाला. केंडालहून विंडरमियरपर्यंत लोहमार्ग नेण्याची योजना आली तेव्हा वर्ड्‌स्वर्थने तिच्याविरुद्ध एक सुनीत लिहिले आणि 'मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्रात पत्रे प्रसिद्ध केली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की डोंगराच्या सौंदर्याची आवड जन्मतः नसते, ती दीर्घ संस्काराने येते. तेव्हा गिरण्यांतील कारागिरांना आणि मजुरांना गाड्या भरभरून येथे आणल्याने त्यांचे भले होणार नाही, त्यांनी सुटीच्या दिवशी आपल्या वस्तीजवळच्या शेतांतून बायकामुलांसह फिरावे.

हा युक्तिवाद वाचताना मला इंग्लंड आठवतच नव्हते. मला आपले काव्यशास्त्र आठवत होते. रसास्वादाला अधिकारी रसिक लागतो, सहृदय लागतो, आणि सहृदयता संस्काराने येते, असे आपणही शिकलो आहोत. संस्कार कुणाला मिळू द्यायचे हे आधीच ठरवून टाकायचे, आणि मग संस्कार नाहीत म्हणून दार लावायचे! अधिकारभेदाची ही युक्ती दोन खंडांत एकसारखी निघावी याचे मला नवल वाटले. दलित साहित्याला 'यात कलात्मकता कमी पडते' असे ऐकवले गेले, तेव्हाही हीच युक्ती वापरली गेली होती. भाषा सौम्य होती आणि हेतू दार लावण्याचाच होता.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की याच कवीने १७९८ च्या काव्यसंग्रहात भिकारी, वेडसर आणि कंगाल माणसांना काव्याचा विषय केले, आणि तेही साध्या बोलभाषेत. ते धाडस होते. परंतु कवितेत मजूर चालतो आणि शेजारच्या पायवाटेवर चालत नाही, अशी ही करुणा आहे. करुणेचा विषय होणे आणि वाटेकरी होणे यांतील अंतर आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. मराठीत दलितांविषयी कळवळ्याने लिहिलेल्या कथांचा ढीग आपण पाहिलेला आहे.

३

त्याच काळात, त्याच देशात, दुसरा एक कवी होता. जॉन क्लेअर (१७९३–१८६४). मळणी करणाऱ्या मजुराचा मुलगा, स्वतः शेतमजूर. त्याच्या हेल्पस्टन गावाची सामायिक जमीन कुंपणात घालण्याचा कायदा १८०९ साली झाला. गावकीची गायराने, पडजमिनी, पाऊलवाटा हळूहळू मालकांच्या ताब्यात गेल्या. जिथे तो पोरपणी गुरे राखीत हिंडला, तिथे प्रवेशबंदीच्या पाट्या लागल्या. या कुंपणांविरुद्ध त्याने जी कविता लिहिली ती निसर्गकविताच आहे, पण तिच्यात निसर्ग मालकीपासून वेगळा काढलेला नाही. झाड, पक्षी, पायवाट आणि मजुराचे स्वातंत्र्य ही तिथे एकाच गोष्टीची नावे आहेत.

क्लेअरचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. १८२० साली त्याचा पहिला संग्रह निघाला आणि शेतकरी-कवी म्हणून लंडनने त्याचे कौतुक केले. परंतु प्रकाशकाने त्याची बोली आणि व्याकरण 'शुद्ध' केले, आणि एका उमराव आश्रयदात्याने श्रीमंतांविरुद्धच्या ओळी खटकल्या म्हणून त्या काढायला लावल्या. कौतुक आणि कात्री एकाच हातात असतात, हे आपल्याही पहिल्या पिढीच्या लेखकांनी अनुभवलेले आहे. पुढे गरिबीने आणि मनोविकाराने तो खचला. १८४१ साली जुलै महिन्यात एपिंगच्या जंगलातील वेड्यांच्या रुग्णालयातून तो निघाला आणि चार दिवसांत सुमारे ८० मैल पायी चालून घराकडे आला. वाटेत भूक असह्य झाली तेव्हा त्याने रस्त्याकडेचे गवत खाल्ले. या चालीची हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे.

चालण्याविषयीचे इंग्रजी लेखन मी जेवढे वाचले त्यात क्लेअरचे ते थोडेसे पानांचे टिपण मला सर्वश्रेष्ठ वाटते. त्यात देखाव्याचे वर्णन जवळपास नाही. दिशा चुकू नये म्हणून झोपताना डोके कुठल्या बाजूला ठेवले, बूट कसा फाटला, कुणी पैसे दिले, हे त्यात आहे. पायांना लागणारी जमीन त्यात आहे. असे लेखन मराठीत कुठे आहे, याचा शोध घेताना मला ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'ची (२००३) सुरुवात आठवली. डोक्यावर जळण, गवत, आंबे यांची ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला डोंगरवाटांनी निघालेल्या बायका तिथे आहेत. त्या चालताना बोलतात, हसतात, थकतात, एकमेकींना सांभाळतात. त्या वाटेचा प्रत्येक चढ-उतार लेखिकेला ठाऊक आहे, कारण तो मानेने आणि गुडघ्यांनी शिकलेला आहे. मराठी निसर्गलेखनाच्या संकलनांत या पानांना स्थान का मिळू नये? डोक्यावर ओझे असले म्हणून बाईला डोंगर दिसत नाही, असे समीक्षेने कुठल्या पुराव्यावर गृहीत धरले?

आमच्याकडील गडकोटांच्या भटकंतीवरील लेखनातही हीच त्रुटी आहे. त्यात तट येतो, बुरूज येतो, इतिहास येतो. गडाखालचा माणूस येतो तो पिठले-भाकरी देणारा भोळा यजमान म्हणून, किंवा वाट दाखवणारा काटक वाटाड्या म्हणून. त्याची जमीन कुणाच्या नावावर आहे, पाणी तो कुठे भरतो, त्याची वस्ती गावाच्या कुठल्या बाजूला आहे, हे विचारायला लेखकाला वेळ नसतो. त्याला सूर्योदय गाठायचा असतो.

४

आता पुन्हा किंडरकडे येऊ. ज्या पठारावर मी पहिल्यांदा चिखलात रुतलो, ते एके काळी बंद होते. श्रीमंतांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी ती माळराने राखलेली होती आणि वाटेवर राखणदार असत. मँचेस्टर आणि शेफील्डच्या कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या कामगारांना डोंगर समोर दिसत असे, पण त्यावर पाय ठेवता येत नसे. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावाजवळच्या खाणीतून शेकडो तरुण कामगार जाणूनबुजून निघाले आणि राखणदारांशी झटापट करीत वर चढले. ईडेलच्या बाजूने शेफील्डचेही काही जण येऊन मिळाले. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता, त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. तो रुमानियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचा मुलगा होता. म्हणजे नव्याने आलेल्यांच्याच घरातला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की भटकंती करणाऱ्यांच्या तत्कालीन अधिकृत संघटनांना हा मार्ग पसंत नव्हता. अर्जविनंत्यांनी होणारे काम बिघडेल असे त्यांचे म्हणणे होते. अर्ज अनेक वर्षे पडूनच होते. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००० सालच्या कायद्याने मोकळ्या माळरानांवर हिंडण्याचा हक्क मान्य झाला. २००२ साली, सत्तराव्या वर्षदिनी, त्या जमिनीच्या पूर्वीच्या मालकांचे वंशज असलेल्या डेव्हनशरच्या ड्यूकने जाहीर माफी मागितली.

ही हकीकत ऐकताना कोणत्याही दलित कार्यकर्त्याच्या डोळ्यांपुढे २० मार्च १९२७ चा महाडचा मोर्चा उभा राहील. माझ्याही राहिला. परंतु साम्याने हुरळून जाऊ नये. किंडरच्या कामगाराला मालकाने अडवले ते मालमत्ता म्हणून. त्याच्या पावलांनी डोंगर विटाळतो असे कुणी म्हटले नाही, आणि तो उतरून गेल्यावर डोंगर कुणी शुद्ध करून घेतला नाही. चवदार तळे आमच्या स्पर्शानंतर पंचगव्याने शुद्ध करण्यात आले. तळे तर नगरपालिकेचे, म्हणजे कायद्याने सार्वजनिकच होते, तरीही हक्क सिद्ध व्हायला न्यायालयात १९३७ साल उजाडावे लागले. वर्गाचे कुंपण कायद्याने पाडता येते. जातीचे कुंपण कायदा झाल्यावरही माणसाच्या मनात जागच्या जागी उभे राहते.

आणि वर्गाचे कुंपण तरी सगळ्यांसाठी पडले का? इंग्लंडमध्ये डार्टमूर या माळरानावर जमीनमालकाच्या परवानगीवाचून टेंट टाकता येतो. एका जमीनमालकाने त्याला आव्हान दिले आणि जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. लोक रस्त्यावर आले. अपील न्यायालयाने तो निकाल त्याच वर्षी फिरवला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांचा हक्क एकमताने कायम केला. माझ्या सहकाऱ्यांनी आनंद साजरा केला, मीही त्यात सामील झालो. परंतु याच देशात जिप्सी आणि ट्रॅव्हलर म्हणून ओळखले जाणारे भटके लोक आहेत. त्यांना जागा उपलब्ध करून देण्याची १९६८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकलेली जबाबदारी १९९४ साली काढून घेण्यात आली. २०२२ च्या कायद्याने परवानगीवाचून वाहनासह मुक्काम करणे, त्यातून मोठा उपद्रव होतो वा होईल असे ठरले आणि सांगूनही जागा सोडली नाही तर, फौजदारी गुन्हा झाले. पोलीस वाहन जप्त करू शकतात, म्हणजेच घर. हौसेने एक रात्र उघड्यावर काढणाऱ्याचा हक्क न्यायालयात जिंकला जातो आणि पिढ्यान् पिढ्या उघड्यावर राहणारा गुन्हेगार ठरतो. आपल्याकडे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा लादणाऱ्या राज्यकर्त्यांची ही भूमी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे यात आश्चर्य उरत नाही. तो कायदा आपण १९५२ साली रद्द केला. पारध्याच्या पालावरची पोलिसांची धाड मात्र आजही थांबलेली नाही.

या उद्यानांत गोऱ्या नसलेल्या माणसाला काय वाटते, हे इंग्रिड पोलार्ड या गयानात जन्मलेल्या छायाचित्रकर्तीने १९८७–८८ च्या आपल्या एका चित्रमालिकेत दाखवले आहे. वर्ड्‌स्वर्थच्याच सरोवरप्रदेशात काळी माणसे उभी आहेत, आणि खालच्या मजकुरात रम्यतेबरोबर धास्ती आणि गुलामीचा इतिहास आहे. मी ती चित्रे पाहिली तेव्हा मला माझेच प्रसंग आठवले. शेताच्या फाटकाशी 'वाट चुकलात का?' असे मला तीन वेळा विचारले गेले आहे. विचारणारे सभ्य होते. माझ्या पुढून गेलेल्या सहकाऱ्यांना मात्र त्यांनी केवळ हवेविषयी विचारले होते.

५

इथवर लिहिलेले मान्य करायला सोपे आहे. गोऱ्यांच्या दोषांची यादी करताना आपले मराठी लोकही आनंदाने मान डोलावतात. म्हणून पुढची हकीकत सांगणे भाग आहे.

येथील काही मराठी मंडळींच्या गटाबरोबर मी एकदा दोन रात्रींच्या मुक्कामाला गेलो होतो. पावसात सगळ्यांनी मिळून टेंट उभे केले. मी खुंट्या ठोकल्या आणि मनात म्हटले, आजा, आज ही राहुटी माझी आहे. रात्री चुलीवर खिचडी शिजली, गाणी झाली. नंतर एका वयस्क गृहस्थांनी प्रेमाने विचारले, ''तुमचं गाव कुठलं म्हणालात?'' मी सांगितले. ''पूर्ण नाव काय तुमचं?'' तेही सांगितले. ''म्हणजे तुम्ही...'' असे म्हणून ते थांबले. मी वाक्य पूर्ण केले, ''आम्ही बौद्ध.'' ''हो का! वा, वा. छान,'' ते म्हणाले. कुणी अपशब्द बोलले नाही. कुणी ताटही वेगळे केले नाही. फक्त गप्पा आरक्षणाकडे वळल्या आणि सकाळी माझ्या हातचा चहा दोघांना नको होता. पुढच्या सहलीची तारीख मला कळली ती ती सहल होऊन गेल्यावर.

याची तक्रार कुठे करायची? येथील २०१० च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची वाट ठेवलेली होती, २०१३ साली संसदेने तो समावेश सरकारवर बंधनकारक केला, आणि २०१८ साली सरकारने तो न करण्याचा निर्णय जाहीर केला. आणि कायदा असता तरी न मिळालेल्या चहाच्या आमंत्रणासाठी कोण न्यायालयात जाईल? निसर्गात गेले की माणूस जात विसरतो, असे भटकंतीवरच्या पुस्तकांत लिहिलेले असते. माझा अनुभव उलट आहे. शहरात माणसे घाईत असतात. चुलीभोवती त्यांना नाव-गाव विचारायला सवड मिळते.

या प्रसंगानंतर मी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा काढून वाचले. त्यातील दौलताबादचा प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १९३४ साल. बाबासाहेब आणि चळवळीतील सहकारी असे सुमारे तीस जण वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. धुळीने माखलेल्या काही जणांनी दारापाशी असलेल्या टाक्यात हातपाय धुतले. त्यावरून गहजब झाला, टाके बाटवले म्हणून शिव्या ऐकाव्या लागल्या, आणि शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, बरोबर सशस्त्र शिपाई देऊन त्यांना वर सोडण्यात आले.

हे प्रकरण आपण नेहमी पाण्यासाठी वाचतो. अस्पृश्यता केवळ हिंदूंपुरती राहत नाही, हा बाबासाहेबांचा निष्कर्ष सांगतो आणि पुढे जातो. मी या वेळी दुसऱ्या दोन गोष्टींपाशी थांबलो. पहिली अशी की आपण कोण हे कळले तर अडचणी येतील म्हणून त्यांनी ओळख न सांगता प्रवास करायचे ठरवले होते. नव्वद वर्षांनी परदेशातील माळावर पूर्ण नाव सांगताना माझा आवाज क्षणभर अडखळला, त्याचे मूळ तिथे आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ते किल्ला पाहायला गेले होते. सभा नव्हती, परिषद नव्हती, सत्याग्रह नव्हता. रात्रंदिवस राबणाऱ्या कार्यकर्त्यांना चार दिवस हिंडावेसे वाटले आणि बाबासाहेब त्यांच्याबरोबर आनंदाने निघाले. लेणी पाहावी, गड पाहावा, एवढीच इच्छा होती. बंदुकीच्या पहाऱ्यात त्यांनी तो गड कसा पाहिला असेल?

आपल्या चळवळीत एक विचार नेहमी ऐकू येतो. निसर्ग, सहली, गिर्यारोहण हे पांढरपेशांचे चोचले, भुकेल्याला चंद्रात भाकरी दिसते, त्याने चंद्राकडे चंद्र म्हणून का पाहावे? या विचारामागची वेदना मला मान्य आहे. पण त्याचा शेवट वर्ड्‌स्वर्थच्या पत्रांपाशीच होतो, हे माझ्या मित्रांनी लक्षात घ्यावे. मजुराला पाहण्याची दृष्टी नसते असे तो म्हणाला, आणि मजुराने दृष्टी ठेवू नये असे आपण म्हणतो. डोंगर दोन्ही वेळा त्यांच्याकडेच राहतो. महाडच्या सत्याग्रहाचा अर्थ सांगताना, तळ्याचे पाणी मिळाले नाही तर आम्ही मरू म्हणून आलेलो नाही, इतरांसारखीच आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करायला आलो आहोत, अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतली होती. जो हक्क गरजेपुरताच मागायचा तो भीक होतो. विनाकारण डोंगर चढण्याचा हक्क हाही माणूसपणाचाच भाग आहे.

मात्र तो बजावताना आपण काय लिहिणार, हा प्रश्न उरतो. आपल्यातील पुष्कळ तरुण आज परदेशी आहेत, इकडे सह्याद्रीतही पाठपिशव्या घेऊन हिंडत आहेत. त्यांनी प्रस्थापितांच्या निसर्गलेखनाची नक्कल केली, तीच धुकी आणि तीच शांतता लिहिली, तर आपण केवळ त्यांच्या रांगेत शेवटी उभे राहू. आपल्यापाशी या विषयावर सांगण्यासारखे जे आहे ते दुसऱ्या कुणापाशी नाही. राहुटीच्या खुंट्या ठोकणाऱ्या हातांची आठवण आहे, मोळीचे वजन आहे, पालावरची धाड आहे. ते सारे बरोबर घेऊन चढावे आणि वर गेल्यावर जे दिसते तेही न लाजता लिहावे.

गेल्या वर्षी आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. तिला मी ईडेलला घेऊन गेलो. गुडघ्यांमुळे फार चढता येत नव्हते, अर्ध्या वाटेवरच्या दगडावर आम्ही बसलो. तिने बराच वेळ खालचे खोरे निरखले. मग म्हणाली, ''एवढा डोंगूर, आन् जळन एक काडी न्हाई. ह्यांच्या बायकांनी काय केलं आसंल रं?'' मी म्हटले, खाली कोळशाच्या खाणी होत्या. ''मंग त्यांचे पुरुष खाली मेले आसत्याल,'' ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, ''पन बसायला बरं वाटतंय. आजूक जरा बसू.''

आम्ही आणखी तासभर बसलो. कुणी उठवले नाही.